भरल्या टाकीचं कोडं

१

नवी बोट मधल्या पाण्यात बंद पडली, याचं दुःख एक वेळ गिळता आलं असतं. पण ती सगळ्या धक्क्यादेखत बंद पडली, आणि ते काही केल्या घशाखाली उतरेना.

पलीकडच्या किनाऱ्यावर माणसं पोचवण्यासाठी ही बोट बांधली होती. लाकूडकाम अण्णांचं, इंजिन त्यांच्या सुनेचं, रंग धाकट्या मुलाचा, आणि सुकाणूवर थोरला. सगळं घरचंच, बाहेरचा खिळासुद्धा नाही. पहिल्या फेरीला ती अशी डौलात निघाली की धक्क्यावर चहा पिणाऱ्यांनी कप खाली ठेवले. खाडीच्या मध्यावर खुणेसाठी एक लाल पिंप तरंगत ठेवलेलं आहे. तिथवर इंजिन वाघासारखं गुरगुरत गेलं. मग मिसिंग मारायला लागलं. फट् फट्, मध्येच गप्प, परत फट्, एक मोठी उचकी आणि सामसूम.

कहर म्हणजे तिला ओढून कुणी आणलं, तर ठोक्याने. ठोक्या हा शेजारच्या गाळ्यातला मेकॅनिक. कुठलंही यंत्र समोर आलं की आधी हातोडी मारायची आणि मग काय झालंय ते विचारायचं, अशी त्याची पद्धत. नाव त्यावरूनच पडलं. आपल्या धूर ओकणाऱ्या होडीला दोर बांधून त्याने नवी बोट धक्क्याला लावली आणि सगळा वेळ लढाई जिंकून आल्यासारखा छाती काढून उभा राहिला.

धक्क्यावर अण्णा उभे होते. त्यांचा चेहरा बघून लोकांनी आपोआप वाट सोडली.

"लाकूड माझं," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "त्यात खोट निघाली तर मी मिशी उतरवीन. इंजिन आमच्या सूनबाईचं. त्यात खोट निघाली तर परत मिशी उतरवीन." मिशी एकच आहे, हे त्यांना सांगायची कुणाची टाप नव्हती. "मग उरलं कोण?"

उरला होता धाकटा. कोपरापर्यंत निळा रंग लागलेला, हातात चिंधी. गेला आठवडाभर बापलेकांचं बोलणं बंद होतं. शहरातल्या मोठ्या कारखान्यात रंगाऱ्याचं काम मिळतंय, जाऊ का, एवढंच त्याने विचारलं होतं. "जा की, तुला काय बांधून ठेवलंय?" असं अण्णा म्हणाले होते, आणि तेव्हापासून दोघांच्या तोंडाला कुलूप.

"या बोटीत तिसरा हात तुझाच," अण्णा म्हणाले. "टाकीत काही टाकलंस? राग माझ्यावर होता ना, मग बोटीवर कशाला काढलास?"

धाकट्याचा चेहरा उतरला. तो चिंधीने कोपरावरचा रंग पुसत राहिला.

"उद्या दुपारपर्यंत खरं काय ते सांग. नाहीतर ब्रश गुंडाळ आणि घराबाहेर हो. ज्याने हे केलंय त्याने पुन्हा माझ्या बोटीला हात लावायचा नाही. हा माझा शब्द."

अण्णांचा शब्द काय चीज आहे, हे धक्क्याला ठाऊक होतं. तरुणपणी एकदा रागाच्या भरात ते चहात साखर घेणार नाही म्हणाले होते. राग कशाचा होता ते आता त्यांनाही आठवत नाही, पण चहा आजतागायत तोंड वाकडं करून बिनसाखरेचा पितात.

एव्हाना बोटीत उतरून इंजिनाशेजारी गुडघ्यावर बसलेल्या सुनेने हे सगळं ऐकलं. दीर उद्या घराबाहेर गेला, तर तो परत यायचा नाही. तोही याच बापाचा मुलगा होता.

२

तिला सगळा धक्का मिस्त्रीणबाई म्हणतो. लग्न होऊन आली तेव्हा अंगावर दागिने बेताचे आणि सोबत पाने-पकडी मात्र पेटीभर. पिढ्यान्‌पिढ्या लाकूड तासणाऱ्या घरात लोखंडाची सून आली म्हणून पहिलं वर्षभर अण्णांनी त्या पेटीकडे ढुंकून बघितलं नाही. मग एकदा तिने दुरुस्त केलेलं इंजिन वादळात इतरांच्या होड्या ओढून आणताना त्यांनी पाहिलं. तेव्हापासून अण्णा तिची जाहिरात करत फिरतात. "आमच्या सूनबाईने हात लावलेलं इंजिन बंद पडत नाही," हे वाक्य धक्क्यावरच्या कुत्र्यांनाही पाठ झालंय. आज त्याच विश्वासाने दिराचा गळा धरला होता.

'इंजिनातच खोट निघू दे,' ती मनाशी म्हणाली. 'माझं नाक कापलं तरी चालेल, पण भाऊजींवरचं बालंट टळू दे.'

तिने प्लग काढले. कोरडे, स्वच्छ. ठिणगी निळीशार. कार्बोरेटर उघडला, त्यात कणभर घाण नाही. फिल्टर लख्ख. मग तिने टाकीचं झाकण फिरवलं. नवं झाकण, नवं रबर, घट्ट बसलेलं. उघडताना आतून एक बारीक 'स्स्स' असा आवाज आला, कुणी दाबून ठेवलेला श्वास घ्यावा तसा. तिने काठी बुडवून पेट्रोल बघितलं, हातावर घेतलं, वास घेतला. पाणी नाही, साखर नाही, माती नाही. झाकण लावलं आणि किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, आणि इतकं गोड चालू लागलं की तिला रडू कोसळायचं बाकी राहिलं. डॉक्टर समोर आला की ज्याचं दुखणं पळतं, असल्या रोग्याचं करायचं काय?

"चल, मध्यापर्यंत जाऊन येऊ," ती नवऱ्याला म्हणाली.

गेले. या वेळी पिंप ओलांडून चांगलं पुढे गेले, आणि तिला वाटलं सुटलो. तेवढ्यात फट्. फट् फट्. उचकी. बंद.

"बघ, आलं परत," थोरला सुकाणू धरून म्हणाला. "आणि बंद पडायच्या आधी पायाखाली काहीतरी 'ढप्प' वाजतं. सकाळीही वाजलं होतं. नवं लाकूड आहे, बसत असेल."

"हे अण्णांसमोर बोलू नकोस," ती म्हणाली. "त्यांचं लाकूड बसत नाही. ते बसतं तेव्हाच कायमचं बसलेलं असतं."

तिने पेट्रोल संपलं की काय म्हणून झाकण उघडलं. स्स्स. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली. झाकण लावलं, किल्ली फिरवली, आणि इंजिन हसत सुरू झालं. परतीच्या वाटेवर तिच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. पहिल्या फेरीआधी संध्याकाळी चाचणी घेतली, तेव्हा टाकीत तळाला जेमतेम पेट्रोल होतं. बोट पलीकडे जाऊन परत आली, हूं की चूं नाही. सकाळी टाकी काठोकाठ भरली, तर पिंपाशीच मेली. आता थोडी रिकामी होती, तर पिंपाच्या पुढे जाऊन मेली.

म्हणजे पेट्रोल जितकं जास्त, तितकं मरण लवकर. आणि सकाळचं पेट्रोल भरलं होतं पंपवाल्या काकांनी.

३

"माझं पेट्रोल वाईट?" पंपवाले काका खुर्चीतून उठले, आणि ते सहसा उठत नाहीत. "मिस्त्रीणबाई, तुम्ही म्हणून ऐकून घेतो. दुसरं कुणी असतं तर नळीने धुतला असता."

"काका, तसं नाही म्हणत मी. पण तुमचं पेट्रोल भरलं की बोट लवकर बंद पडते. हे काय गौडबंगाल आहे ते सांगा."

काका कमरेवर हात ठेवून हसले. "सकाळी तुम्हाला ओढून कुणी आणलं?"

"ठोक्याने."

"त्याच्या होडीत पेट्रोल कुणाचं होतं? तुमच्या आधी त्यानेच डबा भरला. तीच टाकी, तीच नळी. त्याच्या त्या खटाऱ्याला माझं पेट्रोल चालतं आणि तुमच्या राजहंसाला बाधतं होय?"

ती ठोक्याच्या गाळ्यात गेली. तो एका मोटारीला बडवत होता.

"तुमच्या इंजिनाला मी हात लावलेला नाही," तिने तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला. "आधीच सांगतो. उगाच माझ्यावर शेकायचं."

"लावला असतास तर पोचा पडला असता. मला ठाऊक आहे. पण ओढून आणताना काही दिसलं का?"

ठोक्याने हातोडी खाली ठेवली. ही त्याच्याकडून फार मोठी इज्जत होती. "एक मजा सांगतो. दोर बांधत होतो तेव्हा तुमचे हे टाकीत डोकावून बघत होते. धक्क्याला लागलो, ते उतरले. मी सहज किल्ली फिरवून पाहिली, तर पठ्ठ्या एका दमात चालू! माझ्या होडीच्या धडधडीत कुणाला ऐकू आलं नाही. जरा वेळाने बंद केलं, म्हटलं लोक म्हणतील यानेच काहीतरी केलं. मला विचाराल तर इंजिन भित्रं आहे. एक हातोडी मारा, सरळ येईल."

हातोडीचं सोडून बाकी सगळं तिने डोक्यात ठेवलं. संशयित एकेक करून गळत होते, आणि हे वाईट होतं. कारण जो शेवटी उरायचा त्याच्याकडेच अण्णांचं बोट आधीपासून रोखलेलं होतं.

धाकटा रंगाच्या खोलीत होता. ब्रश धुऊन, पुसून, कापडात गुंडाळत होता. त्याचं सगळं काम असंच, जाताना सुद्धा नीटनेटकं.

"भाऊजी, निदान मला तरी सांगा. तुम्ही काही केलं नाही ना?"

"तुम्हीपण विचारताय, वहिनी?"

"मला माहीत आहे हो. पण तुम्ही अण्णांसमोर नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

त्याने गाठ मारली. "त्यांनी विचारलंच कसं? ज्या बोटीला मी तळहातावर घेतल्यासारखं रंगवलं, तिच्यात मी विष घालीन? ज्या बापाला हे विचारावंसं वाटतं, त्याला उत्तर तरी काय द्यायचं?" मग तो थोडा शांत झाला. "माझ्याकडे बोट आली तेव्हा ती नुसती आरसा होती, वहिनी. या टोकापासून त्या टोकापर्यंत टाचणीएवढा खड्डा नाही. अण्णांनी हात फिरवून दिलेली. मला खड्डे बुजवायची लांबीसुद्धा भरावी लागली नाही. मी फक्त रंग मारला."

तिने मान हलवली. बाहेर आल्यावर तिला वाटलं की आत्ता काहीतरी महत्त्वाचं ऐकलं, पण काय ते हाताला लागेना.

४

धक्क्याच्या पायरीवर ती डोकं धरून बसली. घसा कोरडा पडला होता. जवळच्या दुकानातून पाण्याची पातळ प्लास्टिकची बाटली घेतली आणि ओठ घट्ट लावून घटाघट पिऊ लागली. दोन-चार घोट झकास आले. मग पाणी अडखळलं. तिने जोर लावला, तशी बाटली दोन्ही बाजूंनी आत गेली. ढप्प!

ती बाटलीकडे बघतच राहिली.

तोंड काढलं, बाटलीने स्स्स करून हवा घेतली आणि परत फुगली. पाणी पुन्हा सुरळीत.

"अगं बाई!" ती मोठ्याने म्हणाली. बाजूने जाणाऱ्या माणसाने दचकून मागे बघितलं.

टाकीला श्वास लागतो. आतून पेट्रोल जितकं बाहेर जाईल तितकी हवा आत यायला हवी. ती आली नाही, तर आत पोकळी होते, टाकीचा पत्रा आत ओढला जाऊन ढप्प वाजतो, पेट्रोल अडतं, आणि इंजिन उपाशी राहून आचके देतं. झाकण उघडून कुणी आत डोकावलं की हवा आत शिरते आणि सगळं आलबेल. बघायला जो जातो, तोच नकळत बरं करून येतो! नवऱ्याने बघितलं, ठोक्याने किल्ली फिरवली, चालू. तिने स्वतः दोनदा बघितलं, दोनदा चालू.

आणि भरल्या टाकीचं कोडंही सुटलं. तळाला पेट्रोल असलं की वर हवाच हवा, ती बराच वेळ पुरते. काठोकाठ भरली की वर हवेला जागाच नाही, जीव लगेच गुदमरणार. काकांचं पेट्रोल बिचारं निर्दोष होतं.

पण टाकीला श्वासाची वाट होती. तिनेच केली होती. टाकीपासून एक नळी बोटीच्या बाजूच्या फळीपर्यंत नेली, आतल्या अंगाला पितळी तोटी बसवून त्यावर ती चढवली, आणि तोटीसमोर फळीला, काठाच्या पट्टीखाली, आरपार भोक पाडलं. बाहेरून लावायची जाळी अजून यायची होती. एवढं सगळं तिने तपासलं, पण तिथे गेली नाही. का? तर ते काम तिच्या हातचं. स्वतःच्या हातच्या कामावर संशय घ्यायची या घरात कुणालाच सवय नव्हती.

ती धावत बोटीवर गेली, काठावरून ओणवी होऊन त्या जागी बघितलं. निळाभोर रंग. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

भोक तिथे नव्हतंच.

५

क्षणभर तिला वाटलं आपल्याला वेड लागलंय. आत उतरून तिने नळी काढली. पितळी तोटी जागच्या जागी होती. तिने त्यात एक तार सरकवली. तार थोडी आत गेली आणि थांबली. टक्. लाकडावर तार आपटल्याचा आवाज.

म्हणजे भोक होतं आणि कुणीतरी ते बुजवलं होतं.

ती तिथेच मांडी घालून बसली. बुजवलं कुणी? ठोक्याने बुजवलं असतं तर ते पलीकडच्या किनाऱ्यावरून दिसलं असतं. पंपवाल्या काकांना खुंटी आणि खुर्ची यातली खुर्चीच तेवढी कळते. भाऊजींनी बुजवलं असतं तर लांबी भरली असती, आणि लांबीवर तार टोचली की ती भुसभुशीत लागते. इथे तर फळीचाच तुकडा होता, इतका चपखल बसवलेला की बोटाला सांधा कळू नये.

असा हात या धक्क्यावर एकच होता.

आणि मग दिराचं वाक्य तिच्या हाताला लागलं. 'अण्णांनी हात फिरवून दिलेली.'

या घराची ती रीत होती. बोट बांधून झाली की रंगाआधी घरातला सगळ्यात मोठा माणूस डोळे मिटतो आणि अख्ख्या बोटीवरून तळहात फिरवतो. डोळा फसतो, हात फसत नाही, असं अण्णांचे वडील म्हणायचे. हाताला जे लागेल, चीर असो, खड्डा असो, त्याच झाडाच्या जपून ठेवलेल्या तुकड्यातून खुंटी करून ते भरायचं. अण्णांच्या हाताला भोक लागलं. कुणाला न विचारता, कुणाला न सांगता त्यांनी ते भरलं. उलट असं भोक राहिलं याची त्यांना लाज वाटली असणार, आणि म्हणूनच ते गप्प बसले असणार.

तिला रागही आला नाही. खरं सांगायचं तर ऊर भरून आला. अण्णांचे डोळे आता अधू झालेत, चहाचा कप शोधताना बशी हाताला लागते, आणि तरी हा हात अजून असं काम करतो! आपल्या सासऱ्यांचं कौतुक करावं की डोक्याला हात लावावा, तिला कळेना.

कौतुक नंतर. अपराधी त्यांच्याइतकी तीही होती. अण्णांच्या फळीला भोक पाडायचं म्हणजे त्यांच्या पाठीत पाडल्यासारखं. म्हणून दुपारी त्यांचा डोळा लागला तेव्हा तिने हळूच पाडलं होतं. पितळी जाळी आल्यावर सांगू, मग दिसायला बरं दिसेल, म्हातारा गिळून टाकेल, असा हिशेब केला होता. तो हिशेब तिच्या दिराच्या मानेवर आला.

घरात चार भिंतींत सांगितलं असतं तर अण्णांची इभ्रत राहिली असती. पण भाऊजींची मान चारचौघांत खाली गेली होती. ती चारचौघांतच वर यायला हवी होती.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी धक्क्यावर तोबा गर्दी. धाकटा ब्रशांचं गाठोडं खांद्याला लावून उभा. अण्णा समोर, मिशीला पीळ. पंपवाले काका खुर्चीसकट आले होते, आणि ठोक्या हातोडी घेऊन, लागलीच तर असावी म्हणून.

"अण्णा, मी सांगते," सून पुढे झाली. "भाऊजींनी काही केलेलं नाही. काकांनी नाही, ठोक्यानेही नाही."

"मग इंजिनात खोट आहे?"

"इंजिनात नाही. लाकडातही नाही."

तिने पाण्याची बाटली तोंडाला लावून सगळ्यांसमोर ढप्प करून दाखवलं. मग टाकीचा श्वास, भरल्या टाकीचं कोडं, झाकण उघडलं की बरं होणारं दुखणं, सगळं एकामागून एक मांडलं. ठोक्या तोंड उघडं टाकून ऐकत होता. "म्हणजे मला घाबरून नव्हतं चालू झालं?" त्याने विचारलं, आणि तो खरोखर हिरमुसला.

"हवेसाठी फळीला भोक पाडलं होतं," ती म्हणाली. "मी पाडलं. अण्णा झोपले होते तेव्हा. त्यांना सांगितलं नाही, कारण मी भ्याले. ही माझी चूक."

अण्णांची मिशी थरथरली.

"आता ते भोक तिथे नाही. मला सापडत नाही. भाऊजींना सापडलं नाही, म्हणून त्यांनी त्यावर रंग मारला. अण्णा, तुम्ही बघता का?"

अण्णा बोटीपाशी आले. सवयीने डोळे मिटले. काठाच्या पट्टीखाली तळहात ठेवला, आणि त्यांचा अंगठा न चुकता, न अडखळता एका जागी जाऊन थांबला.

"इथे," ते म्हणाले.

मग त्यांनी डोळे उघडले. आपल्या अंगठ्याकडे बघितलं. सुनेकडे बघितलं.

"मला वाटलं माझ्याच हातून राहिलं," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "म्हटलं, वय झालं. लोकांना कळायच्या आत भरून टाकलं." त्यांनी फळीवरचा हात उचलला आणि पाठीमागे धरला. "ज्याने हे केलं त्याने पुन्हा या बोटीला हात लावायचा नाही, असं मी म्हणालो होतो. शब्द म्हणजे शब्द."

ते वळून धाकट्यासमोर उभे राहिले. "चुकलो. तुला विचारायलाच नको होतं. जे विचारलं ते सगळ्यांसमोर विचारलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. चुकलो मी."

अण्णांच्या तोंडून हा शब्द धक्क्याने पहिल्यांदा ऐकला. धाकट्याने गाठोडं खाली ठेवलं. डोळे पुसले, तसा निळा रंग गालाला लागला. मग त्याने बापाचा पाठीमागचा हात धरला आणि ओढून परत फळीवर ठेवला.

"तुम्ही हात लावायचा नाही, तर मी तरी का लावू?" तो म्हणाला. "वहिनींनीही लावू नये, चूक त्यांचीही आहे. मग द्या ही बोट ठोक्याला."

"नको रे बाबा!" अण्णा एवढ्या जोरात ओरडले की काका खुर्चीत उडाले. हशा पिकला. ठोक्याही हसला, जरा उशिराने. अण्णांनी हात फळीवरून काढला नाही. सगळ्या आयुष्यात त्यांनी मोडलेला तो एकच शब्द.

"सूनबाई, पाड भोक," ते म्हणाले. "आणि पुढच्या वेळी मला उठवून पाड. झोपलेल्या माणसाच्या लाकडाला हात लावतेस, हिंमत आहे तुझी." त्यांच्या आवाजात राग असायला हवा होता. तो काही केल्या सापडला नसता.

भोक पाडलं. काकांनी टाकी काठोकाठ भरली, मुद्दाम दोन थेंब वर सांडेपर्यंत. बोट निघाली. पिंप आलं, पिंप गेलं. इंजिन एकसुरात गात पलीकडे पोचलं आणि गातच परत आलं. अण्णा ठोक्याला कोपर मारून म्हणाले, "ऐक, ऐक. बंद पडत नाही म्हटलं होतं ना?" त्यांना जणू मधलं काही आठवतच नव्हतं.

बोट लागल्यावर धाकटा ब्रश घेऊन पुढच्या टोकाशी बसला. बांधणाऱ्यांची नावं तेवढी लिहायची राहिली होती.

"तिघांची घाल," अण्णा म्हणाले.

"तुमचं वर, मग वहिनींचं, मग माझं."

"तुझं वर."

"अण्णा, रंगाऱ्याचं नाव वर कुठे असतं? लोक हसतील."

"हसू देत. ज्याला मी लोकांसमोर खाली बघायला लावलं, त्याचं नाव वर. शहरात जायचं तर खुशाल जा. पण लोक आधी तुझं नाव वाचतील आणि मग बोटीत पाय ठेवतील." अण्णा थोडे पुढे वाकले, डोळे बारीक करून. "आणि अक्षर मोठं काढ. पलीकडच्या किनाऱ्यावरून वाचता आलं पाहिजे."